अण्णांचं पोट

आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न 'चहा टाकू का' हा नसायचा. 'झालं का?' हा असायचा. काय झालं का, हे कधी कुणी उच्चारायचं नाही. विचारणार आई, उत्तर द्यायचं अण्णांनी. पण संडासाचं दार उघडून ते बाहेर आले की उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच असायचं. झालं असेल तर दिवस सुरळीत. चहा, पेपर, मला उगाचच एखादी हाक. झालं नसेल तर आई कढईत उलथनंसुद्धा हळू फिरवायची.

स्वयंपाकघरात फळीचा एक कोपरा अण्णांच्या पोटाचा होता. इसबगोल, त्रिफळा, हरड्याची पूड, एरंडेलाची बाटली, शिवाय नातेवाइकांनी कुठून कुठून आणून दिलेले अर्धवट संपलेले काढे. रात्री वाटीत काळे मनुके भिजत पडायचे. मी नववीत असताना माझी एक मैत्रीण मुक्कामाला आली होती. तिनं सकाळी उठून त्या वाटीतले मनुके सहज तोंडात टाकले. आई घाईनं म्हणाली, "अगं, ते यांच्या पोटाचे हायत." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. पुढे वर्षभर ती मैत्रीण मला मनुक्यांवरून छळायची.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. कराड आगार. कितीतरी वर्षं कराड-चिपळूण केलं, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. मध्ये काही वर्षं मुक्कामी गाडी असायची. रात्री गावात पोचायचं, पहाटे तीच गाडी घेऊन निघायचं. आपल्यामुळं गाडी पाच मिनिटंसुद्धा लेट होता कामा नये, हा त्यांचा हट्ट. त्यामुळं त्यांच्या पोटाचं कारण घरातल्या सगळ्यांना पाठ होतं: आयुष्यभर अवेळी खाल्लं, अवेळी झोपले, लागली तर दाबून धरली. आणखी काय होणार? यावर घरात कधी चर्चा झाली नाही, कारण चर्चा करण्यासारखं त्यात काही होतं असं कुणाला वाटलंच नाही. बद्धकोष्ठ हा आजार असतो का? ती तर माणसाची सवय असते. कुणी चहात साखर जास्त घेतं, कुणाला पोट साफ होत नाही.

मग ते रिटायर झाले. आणि एकेक बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. मी त्या आज एका ओळीत मांडू शकते; तेव्हा त्या वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या खोल्यांत घडत होत्या.

एकदा अण्णा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दूध करपून पातेलं काळं झालं. आई मागच्या दारातून धावत आली. "नाकाला काय झालंय का तुमच्या?" असं ती चिडून म्हणाली. नाकाला खरंच झालं होतं, हे कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

झोपेत ते ओरडायला लागले. साधं बरळणं नाही. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा!" असं खणखणीत आवाजात, आणि हातवारे करून. आम्ही पोट धरून हसायचो. एका रात्री त्यांचा हात आईच्या गालावर बसला, तेव्हापासून आई हॉलमध्ये झोपायला लागली. तेही आम्ही हसण्यावारीच नेलं.

घरखर्चाची वही ते रोज लिहायचे. वेबिल लिहिण्याची सवय, अक्षर टपोरं. त्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला बरं, शेवटाकडे मुंगीएवढं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर.

मग डावा खांदा आखडला. हाडांच्या एका डॉक्टरांकडे वर्षभर शेक आणि व्यायाम झाले. आणि मग डाव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरायला लागला, स्वस्थ बसलेले असताना, आपोआप. आमचे काका म्हणाले, "अण्णा अजून नोटा मोजतायत." अगदी तसंच दिसायचं ते. अण्णाही हसले. "काय नाय रे, हात आपला चालतोय. रिटायर झालेलं त्याला कुणी सांगितलं नाय."

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. बाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट धरून फिरवून पाहिलं. मग खुर्चीत बसून चार प्रश्न विचारले. वास येतो का? झोपेत हातपाय झाडता का? अक्षर बारीक झालंय का? आणि, पोट साफ होतं का, नसेल तर किती वर्षांपासून?

शेवटच्या प्रश्नाला अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीसमोर कसं सांगू असं. मग म्हणाले, "हिच्या शाळेपासनं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला आठवतंय, मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. आमच्या घरातला इतका जुना विनोद कुणीतरी निळ्या शाईत केसपेपरवर लिहीत होतं.

*

पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणे, इतकंच मला ठाऊक होतं. मेंदूच्या मुळाशी, मध्यमेंदूत, काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्या पेशी डोपामीन बनवतात, आणि डोपामीन नसेल तर शरीराची हालचाल अडखळते. थरथर दिसायला लागते तेव्हा त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. म्हणजे निदान होतं तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. हे बाईंनी सांगितलं. मग गोष्ट सुरू कुठे होते? हे मी त्या रात्रीपासून फोनवर शोधायला लागले. भाड्याच्या खोलीत, दिवा बंद, ब्राइटनेस कमी करून. तुमच्यापैकी ज्यांनी घरातल्या कुणाचा तरी आजार असा रात्री दोन वाजता वाचलाय, त्यांना हे वाचन कसं असतं ते सांगायला नको.

ज्याच्या नावानं हा आजार ओळखला जातो तो जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागात डॉक्टरकी करायचा. १८१७ मध्ये त्यानं कंपवातावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्ण किती? सहा. त्यातल्या काहींना तर त्यानं नुसतं रस्त्यात पाहिलं होतं. पण एवढ्याशा भांडवलावर त्यानं जे टिपलं त्यात आतड्यांचा मंदपणाही आहे. पुढे पुढे जोरदार रेचकं द्यावी लागतात असं तो लिहितो. म्हणजे पोटाचा प्रश्न पहिल्याच पुस्तकात होता. त्यानंतर दीडएकशे वर्षं सगळ्यांचं लक्ष थरथरणाऱ्या हाताकडे राहिलं. यात मला आमचंच घर दिसलं.

१९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी नावाच्या जर्मन डॉक्टरला या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोळे सापडले, आज ज्यांना 'लेवी बॉडीज' म्हणतात. गंमत म्हणजे त्याला ते ज्या जागी सापडले त्यातली एक जागा व्हेगस नावाच्या नसेचं मेंदूतलं केंद्र होती. हे गोळे कशाचे, ते १९९७ मध्ये कळलं: अल्फा-सायन्यूक्लीन नावाचं प्रथिन. ते निरोगी पेशीतही असतं. पण त्याची घडी चुकली की ते एकमेकांना चिकटतं, आणि एक चुकलेला रेणू शेजारच्यालाही चुकवतो.

आणि मग २००३. हाइको ब्राक या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासून हे गोळे कुठल्या क्रमानं पसरतात याचा नकाशा मांडला. सुरुवात त्या काळसर पट्ट्यापासून होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात वासाच्या केंद्राशी आणि व्हेगसच्या केंद्राशी. काळ्या पट्ट्यापर्यंत आजार पोचतो तो थेट तिसऱ्या टप्प्याला. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकी. मेंदूच्या तळातून निघून मान, छाती, हृदय करत ती आतड्यांपर्यंत उतरते. तिच्यातले बहुतेक तंतू वरून खाली हुकूम नेत नाहीत, खालून वर खबर आणतात. त्यावरून ब्राकनं अंदाज बांधला की काहीतरी आतड्यात सुरू होत असावं आणि या नसेवरून वर चढत असावं.

आतड्यांच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, दहा कोटींहून जास्त पेशींचं, हे तोवर मला माहीत नव्हतं. आतडं म्हणजे नळी, असंच आपण धरून चालतो. ते जाळं अन्न पुढे ढकलतं. ते आजारी पडलं तर नळी ढिली पडते.

वास, झोप, पोट. मी अंथरुणात उठून बसले. करपलेलं दूध, "पुढं सरका", मनुके. अण्णांचा आजार चिपळूणहून निघालेल्या गाडीसारखा एकेक थांबा घेत वीस वर्षं वर येत होता आणि आम्ही प्रत्येक थांब्यावर हसत उभे होतो.

पुढचं वाचन मी एखाद्या सूड उगवणाऱ्या माणसासारखं केलं. हवाई बेटांवर जपानी वंशाच्या सुमारे ६,८०० पुरुषांना त्यांच्या शौचाच्या सवयी विचारून ठेवल्या होत्या आणि मग त्यांच्याकडे चोवीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना रोज होत नसे, त्यांच्यात पार्किन्सन्सचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त निघालं. हे २००१ मध्ये छापून आलं. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये, जुन्या काळी अल्सरवरचा उपाय म्हणून ज्यांची व्हेगस नस मुळापाशीच कापली होती, अशा लोकांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांच्यात हा आजार काहीसा कमी दिसला. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत २०१६ मध्ये, जास्तीचं सायन्यूक्लीन बनवणारे उंदीर पूर्ण जंतुविरहित वाढवले तर त्यांची हालचाल फारशी बिघडली नाही. त्यांच्या आतड्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे जंतू सोडले तर निरोगी माणसांच्या जंतूंपेक्षा जास्त बिघडली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटानं उंदरांच्या आतड्याच्या भिंतीत बिघडलेलं सायन्यूक्लीन टोचलं. ते व्हेगसवरून चढत मेंदूत गेलं. नस आधीच कापली होती त्या उंदरांत गेलं नाही.

आता सांगा, एवढं वाचल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

मी शनिवारी कराडला गेले आणि जेवणाच्या ताटावर जाहीर केलं. हा आजार पोटातून सुरू होतो. अण्णांचं पोट वीस वर्षं बिघडलेलं होतं, तिथूनच हे वर गेलं. मला वाटत होतं की मी घरी एक उत्तर घेऊन आलेय. फोनवर उंदरांची चित्रंसुद्धा दाखवली. अण्णांनी पाहिली, "उंदराला बी सुख नाय" म्हणाले आणि भाकरी मोडली. आई काही बोलली नाही. भाताचं पातेलं घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या सोमवारपासून मी सूत्रं हातात घेतली. घरात दही लागायचंच, त्यात ताक, आंबील, कांजी यांची भर. महिन्याला दोन हजारांच्या प्रोबायोटिक कॅप्सुली. अण्णा वाळत चालले होते म्हणून प्रोटीन पावडरचा मोठा डबा. सकाळची गोळी आणि त्याबरोबर ग्लासभर दुधात दोन चमचे. मी पुण्यातून रोज व्हिडिओ कॉल करून ते पिताना बघायचे.

आठ-दहा दिवसांत आईचा फोन आला. अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्यात अडकले होते. पडले नव्हते. अडकले होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, वीस मिनिटं चौकट धरून उभे. आईनं आणि शेजारच्या पोरानं मिळून त्यांना हलवलं. गोळी घेऊन तास होऊन गेला होता आणि गोळीचा मागमूस नव्हता.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "गोळी कशाबरोबर देताय?"

गोळी म्हणजे लेव्होडोपा, मेंदूत पोचल्यावर जिचं डोपामीन होतं. लेव्होडोपा हे रसायनानं अमिनो आम्ल आहे. प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. लहान आतड्यातून रक्तात शिरायची दारं दोघांना एकच, आणि रक्तातून मेंदूत शिरायची दारंही एकच. मी रोज सकाळी त्या दारात दुधाची आणि पावडरची गर्दी उभी करत होते. त्यात या आजारात जठरच सुस्त होतं, गोळी पुढे सरकायलाच उशीर लागतो. आतड्यातले काही जंतू तर लेव्होडोपा वाटेतच खाऊन तिचं रूपांतर करून टाकतात. तेही २०१९ मध्येच दाखवून झालंय. म्हणजे पोट आणि पार्किन्सन्सचा संबंध शोधत मी जगभर फिरून आले, आणि त्यातला रोजचा, कामाचा, प्रत्येक पेशंटच्या घरी माहीत हवा असा संबंध माझ्या हातातल्या ग्लासात होता.

अण्णांना मी घाबरत घाबरत समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे माझ्या गोळीला स्टँडिंगलाबी जागा मिळाली नाय." आणि हसले. या आजारात चेहरा हसत नाही पटकन, स्नायू साथ देत नाहीत. पण आवाजात कळतं.

ते हसले म्हणून मी सुटले, असं मात्र नाही. वीस मिनिटं चौकट धरून उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

*

त्या रात्री आई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. म्हणाली, "एक इचारू? खरं सांगायचं." मला वाटलं, अण्णांचं किती वर्षं राहिलंय ते विचारतेय.

"म्हंजे माझ्या हाताच्या खाण्यानं झालं व्हय हे?"

मी उंदरांची चित्रं दाखवली त्या दिवसापासून ही बाई हे घेऊन बसली होती. महिना झाला होता. चटणीत तेल जास्त व्हायचं, मुक्कामी गाडीचा डबा सकाळी केलेला रात्री खायचे, तो शिळा व्हायचा, मैद्याच्या खाऱ्या आवडतात म्हणून द्यायची, असं सगळं तिनं मनात मांडून ठेवलेलं होतं. तारीखवार म्हटलं तरी चालेल. पोटातून सुरू होतं म्हणजे ताटातून सुरू होतं, आणि ताट तिचं. मी घरी उत्तर घेऊन गेले होते ना, ते तिच्या हातात जाऊन पडलं होतं.

आता मला तेच सगळं परत वाचावं लागलं, या वेळी वकिलासारखं. आणि सांगते, तेच कागद वेगळे दिसायला लागले.

हवाईच्या अभ्यासात बद्धकोष्ठ असलेल्यांना आजार जास्त झाला हे खरं. पण म्हणून बद्धकोष्ठानं आजार झाला असं नाही. आतड्याच्या जाळ्यात आजार आधीच येऊन बसला असेल आणि म्हणून आतडं सुस्त झालं असेल. धूर आधी दिसला म्हणून धुरानं आग लावली असं होत नाही. शिवाय त्या हजारो पुरुषांत चोवीस वर्षांत पार्किन्सन्स झाला तो शंभराहूनही कमी जणांना. ज्यांचं पोट साफ होत नव्हतं त्यातल्याही बहुतेकांना काहीच झालं नाही. नस कापलेल्यांचं म्हणाल तर डेन्मार्कच्याच नोंदी दुसऱ्या संशोधकांनी मांडून पाहिल्या तेव्हा त्यांना तसा फरक दिसला नाही. अपेंडिक्स काढलेल्यांबद्दल तर एक अभ्यास म्हणतो आजार कमी, दुसरा म्हणतो जास्त. आणि उंदीर ते उंदीर. त्यांना पार्किन्सन्स आपण देतो, त्यांना तो होत नाही.

ब्राकचा नकाशाही सगळ्यांना लागू पडत नाही. काहींच्या मेंदूत गोळ्यांचा क्रम वेगळाच असतो. डेन्मार्कचा पेअर बोर्गहामर हा संशोधक म्हणतो की हे बहुधा दोन प्रकार आहेत: एकात आजार शरीरातून मेंदूकडे चढतो, दुसऱ्यात मेंदूतून खाली उतरतो. पहिल्या प्रकारात बद्धकोष्ठ आणि झोपेतले हातवारे कितीतरी आधी दिसतात. अण्णा पहिल्या प्रकारातले असावेत असं मला वाटतं. मला वाटतं, एवढंच. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असतील. पण त्यानं आज गोळी बदलत नाही."

आणि समजा आतड्यातच सुरू झालं, तरी ठिणगी कशाची? ब्राकलाही ते सांगता आलं नव्हतं. कुठलातरी अज्ञात जंतू असेल, एवढाच त्याचा तर्क. चटणीतलं तेल, असं कुणीही कुठेही म्हटलेलं नाही.

हे मी आईला एका दमात सांगितलं. तिनं ऐकलं. "बरं" म्हणाली. मग जाताना दारातून वळून म्हणाली, "तरी पण खाऱ्या द्यायला नको हुत्या." आजही तिला पुरतं पटलंय असं मी म्हणणार नाही. अपराधीपणाला अभ्यास दाखवून हलवता येत नाही, तो गोळीपेक्षाही हळू उतरतो.

मलाही माझं सांगायला हवं. माझं पोट कॉलेजपासून धड नाही. बैठं काम, मेसचं जेवण, उशिरापर्यंत जागणं. ते सगळं वाचल्यापासून मी रोज सकाळी कॉफीच्या बरणीत नाक घालून वास घ्यायला लागले. येतोय ना? कालच्याएवढाच येतोय? सहीचे जुने नमुने काढून आताच्या सहीशी ताडून पाहिले. रूममेटला विचारून ठेवलं, मी झोपेत बोलते का. ती म्हणाली, बोलतेस, ऑफिसमधल्या मॅनेजरला शिव्या देतेस. दोन रात्री झोप उडाली. शेवटी लाज सोडून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की बद्धकोष्ठ असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, पार्किन्सन्सची नाहीत. तुझ्या पोटाला पाणी, भाज्या आणि चालणं पाहिजे, भविष्य नको. कॉफी हुंगणं मी कमी केलंय. सोडलंय असं नाही.

गावाकडून सल्ले येतच असतात. एका मामांनी खाजकुहिलीच्या बियांची पूड पाठवली, "आयुर्वेदात कंपवातावर हेच देतात" म्हणून. मी हसण्यावारी नेणार होते, पण मामा चूक नव्हते. त्या बियांत खरोखरचा लेव्होडोपा असतो. १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यातून वेगळा काढून दाखवला होता. बाईंचं म्हणणं इतकंच की असतो म्हणूनच मनानं घ्यायची नाही, गोळीतला आणि बियांतला मिळून डोस किती झाला हे कोण मोजणार? पूड फळीवरच्या त्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसलीये.

आणि एकदा मी अण्णांना मलरोपणाबद्दल सांगितलं. म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू शुद्ध करून रुग्णाच्या आतड्यात सोडायचे. २०२४ मध्ये बेल्जियममधल्या एका चाचणीत वर्षभरानं रुग्णांच्या हालचालीत थोडी सुधारणा दिसली, त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. दोन्ही चाचण्यांत पन्नासही माणसं नव्हती. अण्णांनी हे सगळं गंभीरपणे ऐकलं. "दुसऱ्याचं?" त्यांनी विचारलं. हो, म्हटलं. "आपलंच निघंना, दुसऱ्याचं आत घालत्यात," असं म्हणून ते इतके हसले की आई बाहेर येऊन बघून गेली.

*

आता घरचं वेळापत्रक असं आहे. सकाळी सातला गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. नाश्ता त्यानंतर तासाभरानं. दूध, डाळ, अंडं यांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात, हे बाईंनी आखून दिलंय. प्रोटीन पावडरचा डबा आईनं धुऊन त्यात शेंगदाणे भरलेत. बद्धकोष्ठावर बाईंनी रोज पाण्यात विरघळवून घ्यायची एक पावडर दिलीय आणि आधीच्या पाच चूर्णांना रजा. इसबगोल घेऊन वर पाणी न पिण्याची अण्णांची सवय मोडली. त्यानं उलट घट्ट होत होतं. संध्याकाळी दोघं प्रीतिसंगमाकडे चालायला जातात. पोट साफ झालेल्या दिवशी गोळी लवकर लागते आणि जास्त वेळ टिकते, हे कुठल्या अभ्यासातून नाही, अण्णांनी स्वतः शोधून काढलंय.

कसं, तर त्यांनी वही सुरू केलीय. घरखर्चाची नाही. पट्टीनं रकाने आखलेले, वेबिलासारखे. गोळी किती वाजता. लागली किती वाजता. उतरली किती वाजता. शेवटचा रकाना अरुंद आहे.

गेल्या रविवारी ते चालायला गेल्यावर मी ती वही उघडली. अक्षर आता इतकं बारीक झालंय की मला फोनवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करावा लागला. शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द होता. सोमवार, झालं. मंगळवार, झालं. बुधवारी काही नव्हतं. गुरुवारी सकाळच्या गोळीपुढे लिहिलं होतं, 'उशिरा'. आणि शुक्रवारी, त्या अरुंद रकान्यात मावेल तेवढ्या मोठ्या अक्षरात, ओळीबाहेर जाऊन: झालं.